तेरणा : तगरच्या बाजारापासून किल्लारीच्या पांढरीपर्यंत

हा एपिसोडचा मजकूर आहे. बोलताना जे अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ऐकायचं असेल तर इअरफोन लावा, वाचायचं असेल तर एक काम करा. फोनवर मॅप उघडा, सॅटेलाइट व्ह्यू लावा आणि सर्चमध्ये ‘किल्लारी’ टाका.

किल्लारी म्हटलं की लोकांना एकच गोष्ट आठवते. पुण्यात ऑफिसमध्ये कुणी गाव विचारलं आणि मी सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, मग तो हळूच विचारतो, “म्हणजे ते भूकंपवालं?” हो, तेच. पण आज मला गावाबद्दल बोलायचं नाहीये, गावाशेजारच्या नदीबद्दल बोलायचंय. कारण गाव तिथं का होतं, घरं तशी का होती, आणि आता गाव तिथं का नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरं नदीपाशी येतात. तिचं नाव तेरणा.

मॅपवर बघा. किल्लारीजवळ एक नागमोडी, बारीक, मातकट रेघ दिसेल. बहुतेक ठिकाणी पाणी दिसणारच नाही. ती रेघ बोटानं धरून वायव्येला, म्हणजे वर डावीकडे सरकत जा. थोड्याच अंतरावर एक मोठा निळा-हिरवा डाग लागेल. तो माकणीचा तलाव, कागदावरचं नाव निम्न तेरणा प्रकल्प. तो ओलांडून आणखी वर गेलात की तेर लागेल. त्याच्याही वर, वाशी-कळंबच्या बाजूला बालाघाटाच्या माळावर तेरखेडा. मराठवाड्यातल्या पोरांना तेरखेडा माहीत असतो तो फटाक्यांसाठी. दिवाळीच्या आधी तिथून स्वस्तात माल आणणारे मित्र माझेही होते. पण तेरणा त्याच परिसरात उगम पावते. आता उलट, खाली उजवीकडे या. किल्लारी सोडून पुढं निलंगा तालुक्यात औराद शहाजानीजवळ ती मांजरेला मिळते. संपली तेरणा. नदी म्हणून काही फार लांबलचक मामला नाही.

पण मांजरेचं पुढं काय होतं ते बघण्यासारखं आहे. ती कर्नाटकात बीदर जिल्ह्यात शिरते, तिथून तेलंगणात, आणि तिथं सरळ पूर्वेला जायचं सोडून गर्रकन उत्तरेला वळते. मॅपवर तो आकडा स्पष्ट दिसतो. आपल्याकडच्या बहुतेक नद्या दख्खनच्या उताराबरोबर गुमान पूर्वेला जातात, ही मात्र उत्तरेला तोंड करून निजामसागर पार करते आणि परत महाराष्ट्राच्या हद्दीला येऊन कंदकुर्ती-कुंडलवाडीच्या पट्ट्यात गोदावरीला मिळते. म्हणजे लातूर-धाराशिवमध्ये पडलेला पाऊस तीन राज्यं फिरून नांदेडच्या सीमेवर येतो. वाटेत सिंगूर आणि मांजरा बंधाऱ्यातून हैदराबादला प्यायला पाणी जातं. हैदराबादच्या हायटेक सिटीत बसलेला माझा कॉलेजचा मित्र जे पाणी पितो, त्यात कधीतरी थोडी तेरणा असू शकते. उरलीच असेल तर.

“उरलीच असेल तर” हे गमतीनं म्हटलं नाही. मला रात्री झोप येईना की मी यूट्यूबवर कॅनडाच्या पार उत्तरेकडच्या नद्यांचे व्हिडिओ बघतो. मॅकेंझी नावाची एक नदी आहे, ग्रेट स्लेव्ह लेकमधून निघून आर्क्टिक समुद्राला मिळणारी. हिवाळ्यात ती इतकी गोठते की तिच्यावरून ट्रक जायचे. फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ पक्का पूल झाला तो थेट २०१२ मध्ये, तोवर हिवाळ्यात बर्फाचा रस्ता आणि उन्हाळ्यात फेरी. ते बघताना मला तेरणा आठवते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पात्रातून ट्रॅक्टर जातो. तिकडं पाणी घट्ट होतं म्हणून, इकडं पाणीच नसतं म्हणून. दोन्हीकडं लोक नदीवरून चालत जातात. वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस, तोही जून ते सप्टेंबरमध्ये पडून मोकळा होणारा. एवढ्यावर बालाघाटची नदी जगते. म्हणून तेरणेचा इतिहास हा वाहत्या पाण्यापेक्षा काठाचा इतिहास जास्त आहे. काठावरची काळी माती, काठावरची पांढरी, आणि काठावरून गेलेले रस्ते.

रस्त्यांपासून सुरू करू.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं एक छोटं पुस्तक आहे, ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. लिहिणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. इजिप्तकडून भारतात जहाजं घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांसाठीचं ते मॅन्युअल म्हणा ना. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय विकलं जातं, कुठं वारा दगा देतो. त्यात बॅरिगाझा, म्हणजे आपलं भडोच, याबद्दल सांगताना लेखक दख्खनमधल्या दोन मोठ्या बाजारपेठांची नावं घेतो. एक पैठण, भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर. आणि दुसरी तगर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर. पैठणहून रंगीत मौल्यवान खडे येतात, तगरहून साधं कापड पुष्कळ आणि तलम कापड तऱ्हेतऱ्हेचं. हा सगळा माल गाड्यांमधून, धड रस्ते नसलेल्या मोठमोठ्या मुलखातून भडोचला उतरतो. टॉलेमीच्या भूगोलातही तगरचं नाव आहे.

आता हे तगर नेमकं कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांमध्ये चांगलीच जुंपली होती. कुणी दौलताबाद म्हणालं. भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर सांगितलं, रा. गो. भांडारकरांनी धारूर. शेवटी १९०१ च्या सुमारास जे. एफ. फ्लीट यांनी मांडलं की हे तगर म्हणजे तेर. नाव जुळतं, अंतर जुळतं, आणि गावाभोवती जुन्या वस्तीच्या टेकाडांचा खच. पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स तेरला जाऊन आले आणि तिथल्या अवशेषांबद्दल त्यांनी लिहिलं. त्यानंतर हा वाद जवळपास मिटला.

मी मॅपवर पैठण ते तेर सरळ रेषेत मोजलं. साधारण दीडशे किलोमीटर. दहा दिवसांत म्हणजे दिवसाला पंधरा. लादलेल्या बैलगाडीचा हिशोब अगदी बरोबर बसतो. दिशा मात्र निव्वळ पूर्व नाही, आग्नेय आहे. पण भडोचच्या बंदरात बसून ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्या माणसाकडून आपण जीपीएसची अपेक्षा ठेवू नये.

मला या सगळ्यात आवडतं ते हे, की तगर कापसाचं गाव होतं. तेरणेच्या काठची काळी माती, तिच्यात कापूस, त्याचं कापड, आणि ते कापड गाडी-बंदर-जहाज करत रोमन साम्राज्यात. तेरला जे खोदकाम झालं, १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांचं आणि नंतर आणखी, त्यात सातवाहनांची नाणी निघाली, रोमन धाटणीच्या वस्तू निघाल्या, केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती निघाल्या. आज त्यातलं बरंच तेरच्याच रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आहे. त्या संग्रहालयाच्या नावामागची गोष्टही छान आहे. लामतुरे हे तेरचेच. गावात सापडणाऱ्या जुन्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा करून जपल्या, आणि त्या संग्रहातून संग्रहालय उभं राहिलं. तिथं हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. तिचं महत्त्व काय, तर अगदी तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. पाँपेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये, व्हेसुव्हियसच्या उद्रेकात. म्हणजे त्याच्या आधीच आपल्याकडची मूर्ती तिथं कुणाच्या तरी घरात जाऊन पोचली होती. ती तेरची की जालन्याकडच्या भोकरदनची, की आणखी कुठली, यावर अभ्यासकांची मतं वेगवेगळी आहेत. भोकरदनलाही तशी मूर्ती मिळाली आहे. पण मराठवाड्यातून इटलीपर्यंत धागा आहे हे नक्की.

तेरमध्ये अजून उभं असलेलं त्रिविक्रम मंदिर बघा. विटांचं, मागची बाजू अर्धगोल, अजिंठा-कार्ल्याच्या चैत्यगृहाचा आकार डोळ्यासमोर आणा, तसं. मुळात बौद्ध चैत्य होता की पहिल्यापासून मंदिर, यावरही वाद आहे. पण महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्या उभ्या इमारतींमध्ये त्याची गणना होते. या विटा लक्षात ठेवा, थोड्या वेळानं परत लागणार आहेत.

तगरचं वैभव ओसरलं तरी नाव पुढं कित्येक शतकं चालत राहिलं. कोकण आणि कोल्हापूरकडचे शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घ्यायचे. राज्य कुठं, बिरुद कुठलं! आज पुण्यात फ्लॅट घेऊन नेमप्लेटवर ‘किल्लारीकर’ लिहिल्यासारखं. आणि तेराव्या शतकात तेरला गोरोबाकाका झाले. संत गोरा कुंभार. त्यांची समाधी तेरलाच, तेरणेच्या काठी. चिखल तुडवताना भजनात दंग झाल्याची त्यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण तो चिखल कुठला होता हे कुणी विचारत नाही. नदीकाठच्या गाळाशिवाय कुंभार नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूर्तीसुद्धा मातीच्याच.

आता किल्लारीकडं उतरू. अधलंमधलं पटकन सांगतो. हा सगळा मुलूख पुढं निजामाच्या राज्यात, १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतात, १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात. जिल्हा उस्मानाबाद. १९८२ मध्ये त्यातून लातूर वेगळा निघाला, आणि आमच्या भागात नदीच्या अल्याड लातूर, पल्याड उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, अशी वाटणी झाली. किल्लारी औसा तालुक्यात आली, सास्तूर तिकडं राहिलं. पै-पाहुण्यांना याचा काही फरक पडला नाही.

गावाच्या भूगोलाचे आपल्याकडं दोन सोपे शब्द आहेत. काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे गावठाण. घरं पडून, परत बांधून, राख, शेण, जुन्या भिंतींची माती साठून साठून गावठाणाचा रंगच वेगळा होतो. माझी आज्जी अजून “पांढरीत जाऊन येते” म्हणते, जुन्या गावाकडं निघाली की. तेरणेच्या काठावरच्या गावांची पांढरी नदीलगत, आणि काळी तिच्यामागं पसरलेली. पाण्यासाठी तर होतंच, पण आणखी एका गोष्टीसाठी. दगड.

आमच्याकडची घरं बघितलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. भिंती दोन-दोन, तीन-तीन हात रुंद. नदीनाल्यातले गोटे आणि मिळेल तो काळा दगड, न घडवलेला, मातीत बसवलेला. वर माळवद. म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत एसीसारखं गार. पण माळवद गळायला लागलं की पावसाळ्याच्या आधी वरून आणखी माती टाकायची. बाप टाकायचा, पोरगा टाकायचा. दर काही वर्षांनी छत जड होत जायचं. सिव्हिलवाल्या मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “अरे, डेड लोड पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेलाय तुम्ही.” त्यात चोर-दरोड्याच्या भीतीनं खिडक्या लहान, बोळ अरुंद. त्या हवेला, त्या काळाला हे सगळं बरोबरच होतं. फक्त एका गोष्टीसाठी बरोबर नव्हतं, आणि ती गोष्ट होईल असं कुणालाच वाटत नव्हतं. सरकारच्या नकाशालाही नाही. १९८४ च्या भूकंप-नकाशात हा भाग झोन एकमध्ये होता, म्हणजे देशातल्या सगळ्यात सुरक्षित पट्ट्यात.

१९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीत जमीन गुरगुरायला लागली. पावसाळा संपेपर्यंत छोटे-छोटे धक्के बसत राहिले, १८ ऑक्टोबरचा त्यातला मोठा. लोक घाबरले, घराबाहेर झोपायला लागले. मग ते कमी झालं. माणूस किती दिवस अंगणात झोपणार?

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक उशिरा येऊन झोपलेले. ६.२ तीव्रतेचा धक्का, आणि जमिनीखाली अगदी उथळ, दहाएक किलोमीटरच्या आत. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, गुबाळ, नांदुर्गा, होळी, राजेगाव, पेठसांगवी... नावं वाचत गेलो तर सगळी तेरणेच्या खोऱ्यातली. सरकारी आकडा जवळपास आठ हजार मृतांचा, इतर काही नोंदींत तो दहा हजारांच्या जवळ जातो. त्यानंतर पाऊस आला, आणि दगड-मातीच्या ढिगाऱ्यांचा चिखल झाला.

मी त्यानंतर काही वर्षांनी जन्मलो. त्यामुळे त्या रात्रीबद्दल मी माझ्या शब्दांत काही सांगणार नाही. घरात जे बोललं जातं ते कमी बोललं जातं, आणि जेवढं बोललं जातं ते घरातच ठेवतो. पण एक निरीक्षण सांगतो, जे नंतर पाहणी करणाऱ्या इंजिनियर लोकांनीही नोंदवलंय. ज्या घरांत माळवद भिंतीवर न टेकवता लाकडी खांबांवर होतं, म्हणजे आपल्या भाषेत खणांचं घर होतं, तिथं बऱ्याच ठिकाणी भिंती बाहेर पडल्या पण खांब आणि छत उभे राहिले. खणाखालची माणसं वाचली. जुन्या सुतारांनी भूकंपाचा विचार करून ते केलं नव्हतं, पण झालं तसं. सुताराचं काम परवडणाऱ्याच्या घरी खण होते, बाकीच्यांच्या घरी दगडावर दगड.

आता प्रश्न. धरणामुळं झालं का?

आमच्याकडं हा प्रश्न चहाच्या टपरीवर आजही निघतो, आणि निघणारच. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला भूकंप झाला होता, तो धरणाच्या पाण्यामुळं चाळवला गेला हे जगभर मान्य झालंय. माकणीचा तलाव किल्लारीपासून जवळ, आणि भूकंपाच्या काही वर्षं आधीच भरायला लागलेला. कुणाच्याही मनात येईल. काही संशोधकांनी, त्यात परदेशी टीमही होती, हा संबंध असू शकतो असं मांडलं. पाण्याचं वजन फार नसलं तरी पाणी भेगांमधून खोल झिरपून आधीच ताणलेला दोष सरकवू शकतं, असा तो मुद्दा. दुसऱ्या बाजूच्यांचं म्हणणं, की कोयना शंभर मीटरवर उंच आणि शंभर टीएमसीच्या घरातलं, त्यापुढं माकणीचं मातीचं धरण म्हणजे तळंच, आणि भूकंप आतल्या जुन्या ताणामुळं झाला. मला स्वतःला दुसरी बाजू जास्त पटते. कारण सांगतो.

त्यासाठी विटांकडं परत जायचंय.

भूकंपानंतर किल्लारीजवळ शेतांमध्ये जमीन उचलली गेल्याची एक ठेंगणी पायरी दिसली होती. हैदराबादच्या एनजीआरआय संस्थेनं किल्लारीत भोक पाडून बघितलं, ६१७ मीटर खोल. आपण सगळे दख्खनचा पाषाण म्हणजे काळा बेसाल्ट अथांग समजतो. किल्लारीत तो निघाला फक्त ३३८ मीटर. त्याखाली आठेक मीटर गाळाचा थर, आणि त्याखाली अतिप्राचीन खडक, अब्जावधी वर्षांपूर्वीचा. कोयनेच्या बाजूला हाच बेसाल्ट नऊशे मीटरच्या वर आहे. म्हणजे आमच्या काळ्या मातीखाली मुरूम, मग मांजऱ्या आणि काळा पाषाण, आणि या झाकणाखाली जुनी, भेगाळलेली जमीन, जिला उत्तरेकडं सरकणारा अख्खा भारतीय भूखंड दाबतोय. धक्का त्या खालच्या जमिनीतून आला. वरून बघून कळायचं काही कारण नव्हतं.

मग प्रश्न असा, की हे पहिल्यांदाच झालं का? याचा शोध घेताना सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन या भूवैज्ञानिकांनी तेरला खोदून बघितलं. किल्लारीपासून सरळ रेषेत पन्नासेक किलोमीटर, त्याच नदीच्या काठी. तिथं त्यांना गाळाच्या थरांमध्ये सरकल्याच्या, वाकल्याच्या खुणा मिळाल्या, आणि जुन्या विटांच्या बांधकामातही तसा पिळवटा दिसला. त्यांचा निष्कर्ष असा, की साधारण दीड हजार वर्षांपूर्वी तेरला मोठा भूकंप झाला असावा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हिंजवडीत बसमध्ये होतो आणि स्टॉप निघून गेला. दीड हजार वर्षांपूर्वी तेरणेवर कुठलं धरण होतं? कुठलंच नाही. म्हणजे या खोऱ्याला हालायला धरण लागत नाही. याचा अर्थ माकणीचा १९९३ शी काहीच संबंध नाही असं सिद्ध होत नाही, आधीच भरलेल्या बंदुकीचा चाप पाण्यानं ओढला असंही कुणी म्हणू शकतं. पण बंदूक आधीपासून भरलेली होती एवढं मात्र तेरच्या विटा सांगतात. आणि २००२ मध्ये नकाशाही बदलला. झोन एक रद्दच झाला, आणि किल्लारीचा भाग झोन तीनमध्ये गेला.

यानंतरचा भाग आमच्या पिढीचा आहे.

जागतिक बँकेच्या मदतीनं १९९४ पासून मोठा पुनर्वसन कार्यक्रम चालला. पूर्ण पडलेली ५२ गावं जुन्या जागी न बांधता नव्या जागी नेली. काळीवर. म्हणजे शेतावर गाव आलं आणि पांढरी ओस पडली. शेकडो वर्षं जी रचना होती तिची अक्षरशः उलटापालट. नव्या किल्लारीचा सॅटेलाइट फोटो बघा. सरळ रेषा, चौकोन, रुंद रस्ते, शहरातल्या एखाद्या ले-आउटसारखं. घरांचे आकार जमिनीवरून ठरले. भूमिहीन आणि लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्याला ७५०. त्यामुळं आमच्या गावात कुणाच्या आजोबाला किती शेत होतं हे घराच्या रांगेवरून अजून कळतं. जुन्या गावात वाडा आणि झोपडी एकाच बोळात असायची असं आज्जी सांगते. नव्यात तसं नाही.

आणि नदी लांब गेली. हे कुठल्या रिपोर्टमध्ये आलंय का मी बघितलेलं नाही, पण मला रोज जाणवलंय. जुन्या किल्लारीतल्या पोरांना पोहायला नदीनं शिकवलं. नव्या किल्लारीतल्या माझ्या वयाच्या पोरांपैकी कितीजणांना पोहता येतं मोजा. मला नाही येत. आमच्यासाठी पाणी म्हणजे टँकर, बोअर आणि नळाला कधी येतं त्याची वाट. धुणं, गौरी-गणपती, बैलपोळ्याला बैल धुणं, सगळं नदीवर होतं ते दारात आलं. धोका लांब ठेवायचा म्हणून गाव हलवलं, ते बरोबरच होतं असं मला वाटतं. माणसं परत त्या ढिगाऱ्यावर राहायला तयारही नव्हती. पण नवा ले-आउट काढणाऱ्यानं नदीकडं जाणारी एक सरळ, सावलीची वाट काढली असती तर बिघडलं नसतं.

पाण्याचंच निघालंय तर एक आकडा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, आठवत असेल. पहिली खेप दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. पुढं पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, ऑगस्टपर्यंत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ती गाडी कुर्डुवाडीवरून, तेरच्या जवळच्या ढोकीवरून लातूरला जायची. ज्या खोऱ्यातून एकेकाळी गाड्या भरभरून माल बाहेर जायचा, त्या खोऱ्यात प्यायचं पाणी कृष्णाकाठाहून गाडीतून येत होतं. ढोकीलाच ‘तेरणा’ नावाचा साखर कारखाना आहे, किल्लारीलाही कारखाना आहे. तगरच्या काळात या मातीत कापूस होता. आम्ही तिच्यात ऊस लावला. ऊसवाल्यांना मी शिव्या घालणार नाही, माझ्या मामाचाही ऊस आहे आणि त्याचे पैसे माझ्या फीला आले. पण नदीचा हिशोब मांडताना हा खर्च लिहावाच लागतो.

तेरणा बघायची असेल तर ऑक्टोबरमध्ये या. पावसाळा चांगला झाला असेल तर पात्रात पाणी असतं, काठावर तुरी फुलायला लागलेल्या असतात. सकाळी तेर करा. त्रिविक्रम मंदिर, उत्तरेश्वर, गोरोबाकाकांची समाधी आणि संग्रहालय. संग्रहालयाची सुट्टी कधी असते ते आधी फोन करून विचारा. दुपारी माकणीचा तलाव, आणि संध्याकाळी किल्लारी. ३० सप्टेंबरला आलात तर जुन्या गावातल्या स्मृतिस्तंभाजवळ मानवंदना असते. पोलीस हवेत बंदुका झाडतात, गावातली म्हातारी माणसं सकाळीच येऊन बसलेली असतात. त्यांच्याशी बोलायचं असेल तर भूकंपाबद्दल विचारू नका, नदीबद्दल विचारा. “डोहात किती पाणी असायचं ओ आज्जी?” एवढं पुरे. मग त्या थांबत नाहीत.

खरोशाची लेणी या एपिसोडमध्ये घ्यायची राहिली. औसा तालुक्यातच आहेत, जांभ्या दगडात कोरलेली, बेसाल्टमध्ये नाही, आणि त्यामुळंच त्यांची झीज कशी झाली हा वेगळाच विषय आहे. पुढच्या वेळी तेच घेऊ. तुमच्या गावच्या नदीला काय म्हणतात आणि तिचं पाणी शेवटी कुठल्या समुद्राला जातं, ते मॅपवर शोधून मला व्हॉइस नोटवर पाठवा. चांगल्या नोट्स पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला लावतो.